समुद्रातली वाळू ओढणारा पाइप: वाढवण बंदराचा भराव नेमका कशावर अडतो?

डहाणूजवळ वाढवणला बंदर होणार, ही बातमी आता जुनी झाली. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. त्यानंतर रोजगार, जमिनी, मच्छीमारांचा विरोध यावर भरपूर रील्स आल्या. पण एका साध्या प्रश्नावर फारसं कुणी बोललं नाही. हे बंदर किनाऱ्यावर नाही, तर समुद्रात भराव टाकून उभं राहणार आहे. मग तो भराव येणार कुठून?

उत्तर आहे दमणजवळचा समुद्र. वाढवणपासून सुमारे ५० किलोमीटरवर समुद्राच्या तळाशी असलेली वाळू उपसून ती इथे आणून टाकायची, अशी योजना आहे. भरावाचं क्षेत्र १,४४८ हेक्टर. प्रकल्पाच्या कागदपत्रांमध्ये लागणाऱ्या वाळूचा अंदाज आहे सुमारे २० कोटी घनमीटर.

२० कोटी घनमीटर म्हणजे किती, हे डोळ्यांसमोर येत नाही. आपल्याकडे वाळू ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. त्या हिशेबानं ही वाळू होते सुमारे ७ कोटी ब्रास. तीन ब्रासचा एक डंपर धरला तर २ कोटी ३० लाखांहून जास्त खेपा. अर्थात डंपरचा इथे संबंधच नाही. हे काम करणार आहेत जहाजं, आणि प्रत्येक जहाजाच्या कुशीला लटकणारा एक लोखंडी पाइप.

हा पाइप किती खोल जाऊ शकतो, मिनिटाला किती वाळू ओढतो आणि वाळूबरोबर किती पाणी ओढतो, यावर प्रकल्पाचा खर्च ठरतो, वेळ ठरतो आणि समुद्र किती गढूळ होणार हेही ठरतं.

मुळात हे जहाज करतं काय?

या जहाजाला ट्रेलिंग सक्शन हॉपर ड्रेजर म्हणतात. नाव लांबलचक आहे, काम सोपं आहे. जहाज अगदी हळू, माणूस भराभर चालतो साधारण तेवढ्या वेगानं पुढे जात राहतं. बाजूला सोडलेला पाइप तिरका होऊन तळापर्यंत पोचतो. पाइपच्या टोकाला एक जड, रुंद तोंड असतं, त्याला ड्रॅगहेड म्हणतात. घरातल्या व्हॅक्यूम क्लिनरचं तोंड सतरंजीवरून फिरतं तसं ते तळावरून घासत जातं. पंप चालू असतो. वाळू आणि पाणी यांचं मिश्रण पाइपमधून वर येतं आणि जहाजाच्या पोटातल्या मोठ्या हौदात, म्हणजे हॉपरमध्ये पडतं. वाळू खाली बसते, वरचं पाणी बाहेर सांडून दिलं जातं.

हौद भरला की पाइप वर घ्यायचा आणि भरावाच्या जागी जायचं. तिथे जहाजाच्या तळाचे दरवाजे उघडून वाळू खाली सोडता येते, पाइपलाइन जोडून पुढे ढकलता येते किंवा पुढच्या नळीतून कमानीसारखी हवेत उडवता येते. दुबईच्या पाम बेटांचे जे व्हिडिओ फिरतात, त्यात जहाजाच्या पुढून तपकिरी कारंजं उडताना दिसतं ना, तेच हे.

या सगळ्यात नाजूक भाग कुठला? इंजिन नाही, हौद नाही. तळापासून पंपापर्यंतचा सक्शन पाइप. आणि त्याची अडचण कोणत्याही शेतकऱ्याला दोन मिनिटांत कळेल.

विहिरीवरची मोटर खाली का उतरवतात?

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की काठावरची मोटर पाणी उचलत नाही. मग ती दोर लावून आत उतरवतात, कठड्यावर किंवा लोखंडी अँगलवर बसवतात. जास्त हॉर्सपॉवरची मोटर काठावर बसवून हा प्रश्न सुटत नाही, हे अनुभवानं सगळ्यांना माहीत असतं.

कारण पंप पाणी "ओढत" नाहीच. पंप फक्त पाइपच्या आतला दाब कमी करतो. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. आणि हवेचा हा दाब समुद्रसपाटीला फक्त १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा खांब पेलू शकतो. घर्षण वगैरे वजा जाता हातात ७-८ मीटर उरतात. इथे निसर्गानं दिलेलं बजेटच तेवढं आहे, पंप कुठल्याही कंपनीचा असो.

मग समुद्रात तर पाइप २०-३० मीटर खाली जातो, ते कसं जमतं? कारण पाइपचं तोंड पाण्याखाली आहे. पाइपच्या बाहेरही पाणी आहे आणि आतही. बाहेरचं पाणी आतल्या पाण्याला पृष्ठभागापर्यंत फुकटात वर आणून देतं. म्हणजे नुसतं पाणीच ओढायचं असतं तर खोलीचा प्रश्नच नव्हता.

घोटाळा वाळू करते

वाळू मिसळली की पाइपच्या आतला खांब बाहेरच्या पाण्यापेक्षा जड होतो. समुद्राच्या एक लिटर पाण्याचं वजन साधारण १.०२५ किलो. चांगलं घट्ट मिश्रण लिटरला १.३ किलोच्या आसपास भरतं. फरक लहान दिसतो, पण तो प्रत्येक मीटरला साचत जातो. पाणी आणि मस्तानी एकाच स्ट्रॉनं पिऊन बघितली की फरक गालांना कळतो, तसं.

एक उदाहरण घेऊ. पंप समुद्राच्या पातळीवर आहे आणि तळ २० मीटर खाली आहे. बाहेरून ढकलणारा एकूण दाब, म्हणजे हवा अधिक समुद्राचं पाणी, गोड्या पाण्याच्या भाषेत ३०.८ मीटर. आतला १.३ घनतेचा खांब वर आणायला लागतात २६ मीटर. उरले ४.८ मीटर. यातून पाइपचं घर्षण, तोंडाशी होणारं नुकसान आणि मिश्रणाला सेकंदाला पाच मीटरचा वेग देण्याचा खर्च वजा करा. तीनेक मीटर तिथेच जातात. पंपापाशी शिल्लक राहतात दीड-दोन मीटर. एवढ्या कमी दाबावर मोठा पंप नीट चालत नाही.

आता तळ ४० मीटरवर न्या. बाहेरून ढकलणारा दाब ५१.३ मीटर, आतल्या खांबाला हवेत ५२. गणित उणे आलं. घर्षण धरायच्या आधीच खेळ संपला. कितीही हजार अश्वशक्ती लावली तरी ते मिश्रण वर येणार नाही.

प्रत्यक्षात मधली अवस्था जास्त त्रास देते. दाब खूप उतरला की पाणी न तापवताही उकळायला लागतं. पंपात वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि पुढच्या क्षणी, दाब वाढला की, ते फुटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. पंपात कुणीतरी खडे टाकल्यासारखा आवाज येतो, पात्यांना खड्डे पडतात आणि वाळू येणं झपाट्यानं घटतं. ड्रेजर चालवणारा माणूस मग एकच गोष्ट करू शकतो, मिश्रण पातळ करायचं. म्हणजे जहाज वाळूऐवजी पाणी उपसत बसतं, डिझेल मात्र तेवढंच जळतं.

मग उपाय काय?

उपाय तोच, विहिरीवाला. पंप खाली उतरवा.

पहिली पायरी म्हणजे पंप जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्या जितका खाली बसवता येईल तितका बसवायचा. प्रत्येक मीटर खाली गेलं की आतल्या जड खांबाचा एक मीटर वाचतो. पुढची पायरी जास्त धाडसी. पंप जहाजातून काढून थेट पाइपवरच बसवायचा आणि पाइपबरोबर पाण्याखाली सोडायचा. मघाचंच ४० मीटरचं उदाहरण घ्या. पंप २० मीटर खाली असेल, तर मिश्रणाला पंपापर्यंत फक्त २० मीटरच चढायचंय. बाहेरचे ५१.३ वजा २६, उरले २५ मीटरहून जास्त. उणे असलेलं गणित एकदम श्रीमंत झालं. पंपाच्या पुढचा प्रवास ढकलण्याचा आहे, आणि ढकलण्याला हवेच्या दाबाची मर्यादा नसते.

बेल्जियमच्या यान दे नुल कंपनीची क्रिस्टोबल कोलोन आणि लीव्ह एरिक्सन ही जगातली सगळ्यात मोठी हॉपर ड्रेजर जहाजं. हौद ४६,००० घनमीटरचा आणि पाइप १५५ मीटर खोलीपर्यंत पोचतो. एवढ्या खोलीवर पाइपवरचा पंप ही चैन उरत नाही, त्याशिवाय कामच होत नाही.

पण याची किंमत मोजावी लागते. पाइपवर काही टनांचा पंप आणि त्याची मोटर लटकवली की पाइप जाड हवा, विंच मोठे हवेत, जहाजाचा तोल नव्याने सांभाळायला हवा. त्यात समुद्र स्थिर नसतो. लाटेवर जहाज वर-खाली होतं आणि ड्रॅगहेड मात्र तळाला चिकटून राहायला हवं. त्यासाठी दोरांना दाबावर चालणारी एक यंत्रणा जोडतात, ती लाटेबरोबर दोर ढील देते आणि खेचून घेते. पाइपलाही मध्ये सांधे असतात, नाहीतर एका मोठ्या लाटेत तो वाकून तुटेल. हेच सांधे पुन्हा डोकेदुखी ठरतात. विहिरीच्या पाइपला बारीक चीर असली की मोटर "एअर घेते" आणि पाणी तुटतं. इथेही सक्शनच्या बाजूला छोटीशी गळती झाली तर हवा किंवा पाणी आत शिरतं आणि कमावलेली पोकळी वाया जाते.

पाइप जाड केला की झालं?

हा सगळ्यांना सुचणारा उपाय. व्यास दुप्पट केला की आतली जागा चौपट होते, घर्षण कमी होतं. खरं आहे. पण वाळूची एक खोड असते. मिश्रणाचा वेग एका मर्यादेखाली आला की ती पाइपच्या तळाशी बसायला लागते. आठ इंची पाइपला मध्यम जाडीच्या वाळूसाठी सेकंदाला तीनेक मीटर वेग पुरतो. पाऊण-एक मीटर व्यासाच्या पाइपला पाच-सहा मीटर लागतो. म्हणजे पाइप जाड केला की वेगही वाढवावा लागतो. आणि वेग वाढवला की घर्षण त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतं, वाळू कागदासारखी आतून पाइप घासत राहते. तिरक्या पाइपमध्ये तर वाळू घसरून मागे यायला बघते, त्यामुळे आडव्या पाइपचं गणित जसंच्या तसं लावता येत नाही.

म्हणून डिझाइन करणारे खरं डोकं लावतात ते पाइपच्या तोंडाशी. ड्रॅगहेडवर पाण्याचे जोरदार फवारे बसवतात. ते घट्ट बसलेली वाळू आधी सैल करतात. सैल झालेली वाळू कमी पोकळीत, जास्त प्रमाणात आत येते. काही ठिकाणी दातेही लावतात. तळाचा उतार बदलला तरी फट राहू नये म्हणून तोंडाचा मागचा भाग बिजागरीसारखा हलता ठेवतात, कारण फट राहिली की वाळूपेक्षा पाणीच आधी आत घुसतं.

यातून किती फरक पडतो? पुन्हा आकडे. एक मीटर व्यासाचे दोन पाइप, वेग सेकंदाला साडेपाच मीटर, हौद १२,००० घनमीटरचा. मिश्रण १.३ घनतेचं आलं तर हौद साधारण १ तास २० मिनिटांत भरतो. तेच मिश्रण १.१५ घनतेचं आलं तर तीन तास लागतात. जहाज तेच, डिझेल तेवढंच, माणसं तेवढीच. (यात सांडून जाणारी वाळू धरलेली नाही, ती धरली तर वेळ आणखी वाढतो.)

२० कोटी घनमीटरला १२,००० नं भागलं तर साडेसोळा हजारांहून जास्त खेपा होतात. प्रत्येक खेपेला दीड तास जास्त लागला, तर किती महिने वाढतील याचा हिशेब वाचकांनी मोबाइलवर करून बघावा.

मुंबईनं हे आधी भोगलंय

शंभर वर्षांपूर्वी मुंबईत नेमकी हीच गोष्ट घडली होती. १९२० च्या दशकात सरकारनं बॅकबे, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्ह ते कुलाबा या पट्ट्यातला समुद्र भरून काढायची मोठी योजना हाती घेतली. गव्हर्नर होते जॉर्ज लॉइड. बंदराच्या बाजूचा गाळ सक्शन ड्रेजरनं उपसून पाइपलाइननं दुसऱ्या बाजूला आणायचा, असा बेत होता. ड्रेजरचं नावही "सर जॉर्ज लॉइड" ठेवलं होतं.

ड्रेजर ज्या वेगानं गाळ उपसेल असं गृहीत धरलं होतं, त्या वेगानं तो आलाच नाही. जो आला तो मऊ चिखल होता आणि समुद्राच्या भिंतीतून बाहेर निसटत राहिला. खर्च फुगत गेला. बॅरिस्टर खुर्शेद नरीमन यांनी या कारभारावर इतकी टीका केली की त्यांच्यावर बदनामीचा खटला भरण्यात आला. त्यात ते निर्दोष सुटले. ही योजना "लॉइड यांचा मूर्खपणा" म्हणूनच ओळखली जाऊ लागली. मूळ १,१४५ एकरांपैकी त्या काळात भरून झाले ४३९ एकर. पुढे त्याच परिसरातल्या नव्या भरावाला नरीमन यांचं नाव मिळालं, नरीमन पॉइंट. पाइपच्या तोंडाशी काय माल आहे आणि तो किती वेगानं वर येईल, हा अंदाज चुकला की काय होतं, याचं एवढं ठसठशीत उदाहरण शोधायला बाहेर जायची गरज नाही.

खाडीतला "सक्शन पंप" म्हणजे हेच का?

हो, जात तीच. ठाण्यात, मुंब्र्यात, भिवंडीत किंवा उजनीच्या जलाशयाकाठी राहणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. एक बार्ज, त्यावर डिझेल इंजिन, एक पंप आणि खाली सोडलेला काही इंची पाइप. रात्री सुरू होतो, पहाटे बंद. महसूल विभागाचं पथक येतं, गॅस कटरनं पंप कापतं, बार्ज बुडवतं. उजनीत तर जिलेटिन लावून बोटी उडवल्याच्या बातम्या दर काही महिन्यांनी येतात. पुढच्या महिन्यात पुन्हा नवा पंप. कारण हे यंत्र बनवायला फार काही लागत नाही.

कोकणच्या खाड्यांमध्ये आधी वाळू काढली जायची ती हातपाटीनं. माणूस डुबी मारून किंवा होडीतून बांबूला बांधलेली पाटी तळाला लावून वाळू भरायचा. एका माणसाची दिवसाची ताकद हीच उपशाची मर्यादा होती. सक्शन पंपानं ही मर्यादाच काढून टाकली. हातपाटीवाला तळावरचा थर खरवडतो. पाइप एका जागी उभा राहून खड्डा पाडतो. त्या खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि वाळू आजूबाजूनं आत सरकते, थेट किनाऱ्याच्या, पुलाच्या खांबाच्या किंवा तिवरांच्या मुळाखालून. खाडीत राहणाऱ्यांना बांध का खचतोय ते कळत नाही, कारण खड्डा पाण्याखाली असतो.

यावर महाराष्ट्रात मोठी लढाई झाली आहे. आवाज फाउंडेशनच्या सुमेरा अब्दुलली यांनी लावून धरलेल्या याचिकेवर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या वाळू उपशाला स्थगिती दिली होती. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातल्या उपशालाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ६०० रुपये ब्रासनं घरपोच वाळूची घोषणा केली, २०२५ मध्ये पुन्हा नवं धोरण आणलं. धोरणं बदलत राहिली, रात्रीचा पाइप मात्र तसाच.

दमणच्या समुद्रातलं जहाज आणि मुंब्र्याचा बार्ज यांची तुलना काहींना अन्यायाची वाटेल. एक कायदेशीर, दुसरा चोरीचा. ते बरोबरच आहे. पण तळाला दोन्हीत फरक कळत नाही. उलट मोठं जहाज एका फेरीत जे उचलतं, ते बार्जला कित्येक महिन्यांत जमत नाही.

मच्छीमारांचा प्रश्न पाइपच्या दुसऱ्या टोकाला आहे

हौदात मिश्रण पडतं, वाळू बसते आणि वरचं पाणी सांडून दिलं जातं, हे आधी आलंच. या सांडणाऱ्या पाण्यात बारीक गाळ असतो. तो वाळूइतका जड नसतो, म्हणून हौदात बसत नाही. समुद्रात गेल्यावर त्याचा गढूळ पट्टा तयार होतो आणि प्रवाहाबरोबर पसरतो. प्रकाश खाली जात नाही, माशांची अंडी आणि तळाचे जीव गाळाखाली दबतात.

इथे पाइपच्या डिझाइनचा थेट संबंध येतो. मिश्रण जितकं पातळ, तितकं जास्त पाणी सांडणार आणि तितका जास्त गाळ बाहेर जाणार. म्हणजे कंत्राटदाराला परवडणारा पाइप आणि मच्छीमाराला कमी नडणारा पाइप हे बऱ्याच अंशी एकच आहेत. असा योग विकासकामांत फार वेळा येत नाही. आणखी एक सोय असते. सांडणाऱ्या पाण्याबरोबर हवेचे बुडबुडे गेले तर ते गाळ वरच तरंगत ठेवतात. म्हणून सांडव्यात झडप बसवून हवा अडवतात, मग गाळ लवकर खाली बसतो.

पण तळावरून जी वाळू गेली ती गेली, तिथे झडप चालत नाही. पालघरच्या किनाऱ्यावर सातपाटीपासून झाईपर्यंतची गावं पापलेट, घोळ, दाढा, बोंबील यांवर जगतात. दमण आणि उंबरगावच्या बोटी त्याच पाण्यात जातात. वाढवण बंदर विरोधी संघर्ष समिती आणि मच्छीमार संघटनांचं म्हणणं आहे की, बंदराची चर्चा फक्त वाढवणच्या जागेपुरती होते, वाळू जिथून उचलणार तिथला समुद्र चर्चेत येत नाही. सरकारचं म्हणणं आहे की, पर्यावरण मंजुरी अटींसह मिळालेली आहे. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं ३१ जुलै २०२३ ला परवानगी दिली. त्याविरोधातल्या याचिका मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

हा वाद एकट्या वाढवणचा राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं समुद्रातल्या खनिजांच्या १३ पट्ट्यांचा लिलाव जाहीर केला. त्यातले तीन पट्टे केरळच्या कोल्लमजवळचे, बांधकामाच्या वाळूचे. तिथे पाण्याची खोली ५० मीटरच्या आसपास आणि त्याहून जास्त आहे. वरचं ४० मीटरचं गणित आठवा, पाइपवर पंप लावल्याशिवाय तिथे चांगलं मिश्रण वर येणं शक्य नाही. २७ फेब्रुवारी २०२५ ला केरळच्या मच्छीमारांनी याविरोधात किनारपट्टी बंद ठेवली. वीस-तीस वर्षांपूर्वी एवढ्या खोलीवरच्या वाळूकडे आपल्याकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं.

एवढी मोठी जहाजं आहेत कुणाकडे?

मोठ्या हॉपर ड्रेजरच्या धंद्यावर वर्षानुवर्षं नेदरलँड्स आणि बेल्जियम या दोन छोट्या देशांतल्या कंपन्यांची पकड आहे. बोस्कालिस, व्हॅन ओर्ड, यान दे नुल, डेमे. न्हाव्याशेवाच्या बंदराची वाट खोल करण्याच्या दुसऱ्या टप्प्याचं कामही बोस्कालिस आणि यान दे नुल यांनी मिळून केलं. देशाचा सुमारे पाव भाग समुद्रसपाटीखाली असलेल्या नेदरलँड्सच्या लोकांनी गाळ उपसण्यात तरबेज व्हावं, यात नवल नाही.

भारताकडे विशाखापट्टणमची ड्रेजिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया आहे, १९७६ पासूनची. २०१९ मध्ये केंद्रानं तिच्यातला आपला ७३.४७ टक्के हिस्सा चार बंदरांना विकला, त्यात जेएनपीटीही आहे. म्हणजे वाढवणमध्ये ७४ टक्के भागीदार असलेलं बंदर प्राधिकरण या कंपनीचंही भागधारक आहे. या कंपनीसाठी कोची शिपयार्डमध्ये "डीसीआय ड्रेज गोदावरी" नावाचं १२,००० घनमीटरचं जहाज बांधायला घेण्यात आलं. पण डिझाइन नेदरलँड्सच्या रॉयल आयएचसीचं. जहाजाचं पोलाद आपण कापू शकतो, वेल्डिंग करू शकतो. ड्रॅगहेडचा आकार, पंपाच्या पात्याची वळणं आणि पाइपचे सांधे यांचं ज्ञान मात्र अजून बाहेरून येतं.

आता लक्ष कशावर ठेवायचं?

आधुनिक ड्रेजरच्या पाइपवर दोन मीटर असतात. एक मिश्रणाचा वेग मोजतो. दुसरा किरणोत्सारी स्रोत वापरून त्याची घनता मोजतो. जोडीला पाइपचं तोंड नकाशावर कुठे आहे आणि किती खोल आहे, याची नोंद सतत होत असते. म्हणजे कोणत्या तारखेला, कोणत्या जागी, किती खोल खड्डा पडला आणि किती वाळू वर आली, याचा सगळा हिशेब जहाजाच्या संगणकात आपोआप तयार होतो. खाडीतल्या बार्जवर असलं काही नसतं, इथे असतं.

पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पांना अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. वाढवणच्या अहवालांत रोपं किती लावली याची पानं भरलेली असतीलच. त्यात दमणच्या जागेवरची उपशाआधीची आणि नंतरची खोली, सांडलेल्या पाण्यातला गाळ आणि एका जागी पाइप किती वेळ उभा होता, हे तीन आकडे आहेत का, ते आधी शोधावं.